सुगंधाची बाटली आणि घरातली लेकरे

निलगिरीच्या तेलाची छोटी बाटली ज्या घरात नाही, असे घर आपल्या वस्त्यांमध्ये शोधूनच काढावे लागेल. सर्दी झाली, निलगिरी आणा. दाढ ठणकली, लवंगेचे तेल आणा. गुडघे धरले, गंधपुऱ्याचे तेल चोळा. ही तेले आपल्याला नवी नाहीत. नवे आहे ते एवढेच, की अलीकडे गवती चहा, टी-ट्री, लव्हेंडर, पिपरमिंट अशा नावांच्या, ‘इसेन्शियल ऑइल’ असे छापलेल्या बाटल्याही बाजारात स्वस्तात मिळू लागल्या आहेत. आमच्या मुली मोबाइलवर पाहून साबण, मेणबत्त्या, बाम, अंगाला लावायची तेले घरी करतात. बुद्धपौर्णिमेला, 14 एप्रिलला, शेजारच्या बाळाच्या नामकरणाला किंवा मैत्रिणीच्या मंगल परिणयाला स्वतःच्या हातची अशी भेट नेतात. विकतच्या प्लॅस्टिकच्या खोक्यापेक्षा ही भेट आम्हांस केव्हाही प्रिय आहे.

परंतु या भेटी करणाऱ्या भगिनींना कुणी हेही सांगायला हवे, की या बाटलीतला पदार्थ खोबरेल तेलासारखा गरीब नाही. “नैसर्गिक आहे, त्याने काय अपाय होणार?” हे वाक्य आम्ही सुशिक्षित घरांतही ऐकतो. धोतराही नैसर्गिकच आहे. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, हे ऐकीव मत झाले. ते तपासून घेतलेले बरे.

आधी हे तेल तयार कसे होते ते पाहू. पाने, गवत, साल किंवा फुले मोठ्या भांड्यात घालून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर वनस्पतीतला वास वर येतो. वाफ थंड केली की पाणी खाली राहते आणि बहुधा तेल वर तरंगते. हे तेल खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखे स्निग्ध नसते, ते उडून जाते. कोऱ्या कागदावर निलगिरीचा एक थेंब टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला असेल, तर त्यात दुसरे एखादे स्वस्त तेल मिसळलेले आहे असे समजावे. (वाळा आणि चंदन यांना हा नियम लावू नये, त्यांचे तेल फार सावकाश उडते.)

आता हिशेब करा. शंभर किलो ओल्या गवती चहापासून साधारण अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी तेल निघते. म्हणजे 15 मिलिलिटरच्या एका बाटलीत तीन-चार किलो गवती चहा दडलेला असतो. चहाच्या आधणात आपण दोन-तीन पाती टाकतो. गुलाबाचे तर विचारूच नका. एक किलो तेलाला 3 ते 5 टन फुले लागतात. म्हणून शंभर रुपयांना मिळणारे ‘शुद्ध गुलाब तेल’ गुलाबाचे नसते, हे कुणी वेगळे सांगायला नको.

या बाबतीत आपल्या खानदेशाचे एकेकाळी मोठे नाव होते. तिथल्या डोंगरउतारांवर रोशा नावाचे गवत उगवते. त्याचे तेल काढून मुंबई बंदरातून अरबस्तानामार्गे तुर्कस्थानकडे जात असे आणि तिकडे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरत! गुलाबात वास देणारे जे एक द्रव्य असते, तेच रोशा गवतात भरपूर असते, म्हणून नाक फसते. रोशाचे तेल आजही मिळते. गुलाबाच्या नावाखाली रंगीत पाणी घेण्यापेक्षा उघडपणे रोशाचे तेल घ्यावे, असे आमचे मत आहे.

मूल आणि बाटली

या लेखातील सर्वांत महत्त्वाचे सांगणे हेच आहे. बाकी सगळे विसरले तरी चालेल.

दहा बाय दहाच्या खोलीत सगळे एकाच फळीवर असते. खोकल्याचे औषध, निलगिरी, डोक्याचे तेल, डोसाचे कार्ड, सगळे. निलगिरीची बाटली आणि खोकल्याची बाटली दिसायला सारखी असते. रात्री दिवा न लावता, अर्धवट झोपेत चमचाभर औषध पाजणारी आई किंवा आजी चुकू शकते. चालू-फिरू लागलेले लेकरू स्वतःही बूच उघडते. निलगिरीचे एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर विषबाधा गंभीर होऊ शकते. आधी तोंड-घसा भाजतो, उलटी होते. मग मूल सुस्त पडते, बेशुद्ध होते, झटकेही येतात. हे सगळे अर्ध्या तासाच्या आत घडू शकते.

कापूर त्याहून जहाल. आपल्या घरी आरतीचा कापूर नसला तरी कपड्यांच्या पेटीत, बाममध्ये, डोक्याच्या तेलात तो असतोच. त्याच्या पांढऱ्या वड्या मुलांना खडीसाखरेसारख्या वाटतात. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅम कापूर, म्हणजे पाव चमच्याएवढी पूड गेली तरी जीव गेल्याच्या नोंदी आहेत. काही मिनिटांतच फिट येऊ लागतात. आणि गुडघ्याला चोळायचे गंधपुऱ्याचे तेल, ज्याला विंटरग्रीन म्हणतात, त्याच्या एका चमच्यात ॲस्पिरिनच्या 325 मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके औषध असते. वास मात्र गोड, चघळायच्या गोळीसारखा!

असे घडलेच तर काय करावे? उलटी करवू नये. घशात बोट घालू नये, मिठाचे पाणी पाजू नये, दूध किंवा तूप देऊ नये. ही तेले पातळ असतात. उलटी होताना ती श्वासनलिकेतून फुफ्फुसात शिरतात आणि एकाचे दोन आजार होतात. ओठ-तोंड ओल्या फडक्याने पुसावे. 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे आणि जाताना बाटली बरोबर न्यावी. मूल हसते-खेळते आहे म्हणून थांबून पाहत बसू नये. शेजारीण काय सांगते, सासूबाई काय सांगतात, हे त्या वेळी ऐकत बसू नका. त्यांचा मान राखायला पुढे पुष्कळ दिवस आहेत.

घरातली अशी प्रत्येक बाटली एका डब्यात घालून तो डबा औषधांच्या फळीपासून दूर, उंचावर, शक्यतो कुलपात ठेवावा. खर्च काही नाही. डब्यावर लाल रंगाने मोठे अक्षर काढावे, म्हणजे न वाचता येणाऱ्या आजीलाही कळेल.

तान्ह्या बाळाचेही येथेच सांगतो. सर्दीने नाक चोंदले की उशीवर निलगिरी शिंपडणे, नाकपुडीला बाम लावणे, छातीवर कापराचे तेल चोळणे हे प्रकार दोन वर्षांखालील मुलाला करू नयेत. कापूर व पिपरमिंटच्या तीव्र वासाने तान्ह्या बाळाचा श्वास एकाएकी अडखळू शकतो. मोठ्या माणसाला या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा चेतवल्या जातात म्हणून. आत जाणारी हवा काही वाढत नाही. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीची पुरचुंडी हुंगली की रक्तातला प्राणवायू वाढतो, असा निरोप घरोघर फिरला होता. तो साफ खोटा होता. रुग्णालयात जायची वेळ झाली असताना पुरचुंडी हुंगत घरी थांबणे किती महाग पडू शकते, याचा विचार तो निरोप पुढे धाडणाऱ्यांनी केला नव्हता.

वाफारा घेतानाही तेलापेक्षा उकळत्या पाण्याचा धोका अधिक. पातेले जमिनीवर, भोवती मुले, डोक्यावर चादर. पातेले कलंडले की मांड्या आणि पोट भाजते. मुलांना असा वाफारा देऊच नये.

डांबरगोळीला रजा द्या

आता भेटींकडे वळू. आमच्या मते घरी करण्यासारखी सर्वांत उत्तम सुगंधी भेट म्हणजे कपड्यांच्या पेटीत ठेवायची पुरचुंडी. तिचा खरा उपयोग असा, की ती डांबरगोळ्यांची जागा घेते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे आणि दुपटी तान्ह्या बाळाला तशीच गुंडाळली तर काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते, त्यांना हा त्रास होतो. बाळाकडे पाहून ते ओळखता येत नाही. तेव्हा बाळंतपणासाठी जपून ठेवलेल्या मऊ लुगड्यांच्या घडीत डांबरगोळी नकोच.

पुरचुंडीसाठी जुन्या सुती साडीचा किंवा पांढऱ्या मांजरपाटाचा तळहाताएवढा तुकडा घ्या. आत घालायला वाळ्याच्या मुळ्या, कपूरकाचरी, आठ-दहा लवंगा, सावलीत वाळवलेला गवती चहा आणि संत्र्याची साल. नागपूरकडच्या भगिनींना साल विकत घ्यायची गरजच नाही, हंगामात ती टोपलीभर निघते. साल आतला पांढरा भाग खरवडून, कडकड मोडेल इतकी वाळवावी. ओलसर राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरते आणि भेट देणारीचे हसे होते. वास वाढवायचा असेल तर कापसाच्या बोळ्यावर रोशाचे किंवा वाळ्याचे तीन-चार थेंब टाकून तो बोळा मधोमध ठेवावा. तेल थेट कपड्याला लागू देऊ नये, डाग पडतो. वर घट्ट गाठ मारून शिवून टाकावी, म्हणजे मुले उघडणार नाहीत. वास मंदावला की हाताने चुरगळावी, पुन्हा दरवळते. कसर लागू नये यासाठी मात्र केवळ पुरचुंडीवर विसंबू नका. पेटीतले कपडे वर्षातून दोनदा कडक उन्हात घालावेच लागतात. बाळाचे कपडे पुरचुंडीतून काढले तरी धुऊन, वाळवून मगच घालावेत. पाळण्याला पुरचुंडी बांधू नये.

अंगाला लावायच्या तेलाची भेट करायची असेल तर मापाला फार महत्त्व आहे. शुद्ध तेल कातडीवर कधीच लावू नये. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. 100 मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात रोशाचे किंवा लव्हेंडरचे 20 थेंब पुरे. गवती चहाचे तेल कातडीला झोंबणारे, त्याचे 10 च घ्यावेत. दालचिनीचे तेल कातडीसाठी घेऊच नये, ते फार भाजते. लिंबाचे तेल लावून उन्हात गेले तर डाग पडतात, फोडही येतात. उन्हात काम करणाऱ्या आपल्या माणसांसाठी ते कामाचे नाही. “थोडे जास्त घातले तर वास छान येईल” हा मोह प्रत्येकीला होतो. वास छान येतो आणि चार दिवसांनी अंगाला खाजही येते. एकदा अशी खाज धरली की पुढे त्या वासाचा साबणही सोसत नाही.

कुणालाही देण्याआधी मिसळलेल्या तेलाचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे. लाली किंवा खाज आली तर ते तेल त्या माणसासाठी नाही. गरोदर बाई, तान्हे बाळ, दम्याचा किंवा फिटचा रुग्ण ज्या घरी आहे तिथे अंगाला लावायचे सुगंधी तेल देऊ नये. तिथे साधे खोबरेलच द्यावे. आणखी एक. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकायची नवी टूम आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तसेच तरंगते आणि नेमके नाजूक जागी लागून भाजते. फरशी पुसायच्या पाण्यात घालायचे असेल तर आधी चमचाभर साबणाच्या पाण्यात पाच-सहा थेंब नीट घोटून मग बादलीत ओतावे. घरात मांजर असेल तर तेही करू नये, तिच्या शरीराला ही तेले पचत नाहीत.

अमृतधारा हा जुना, गमतीचा प्रकार. कापूर, पिपरमिंटची फुले आणि ओव्याची फुले, तिन्ही कोरडे खडे. एका बाटलीत घालून हलवले की पाणी न घालता आपोआप पातळ होतात! मुलांना विज्ञानाचा धडा म्हणून दुरून दाखवण्यासारखे आहे. पण त्यात कापूर किती आहे ते वर वाचलेच आहे. मोठ्यांनी कपाळाला लावायचे तर बोटभर खोबरेलात एखादा थेंब घ्यावा, डोळ्यांपासून दूर. मुलांच्या पोटदुखीवर साखरेवर टाकून देण्याची चाल आम्हांस मान्य नाही. लहान मुलांच्या घरी ही बाटली भेट म्हणून नेऊ नये.

धूर, दिवा आणि कोंदट खोली

ही तेले पेट घेतात. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती तेवत असताना तिच्यावर वासासाठी थेंब टाकणे म्हणजे भडका ओढवून घेणे. घरी सुगंधी मेणबत्ती करायची तर मेण वितळल्यावर ते शेगडीवरून उतरवावे, जरा निवू द्यावे आणि मग तेल घालावे. मेणबत्ती पडद्यापासून दूर, ताटलीत, माणूस जागा असेपर्यंतच जळावी.

डासांच्या यंत्राच्या रिकाम्या बाटलीत कडुनिंबाचे तेल आणि कापूर भरून ती पुन्हा लावण्याची युक्ती अनेक घरांत चालते. ते यंत्र ज्या द्रवासाठी केले आहे तो द्रव वेगळा. जाड तेलाने वात करपते, धूर होतो, कापराची वाफ रात्रभर बंद खोलीत कोंडते आणि त्याच खोलीत बाळ झोपलेले असते. युक्ती सोडून द्यावी. जळत्या कॉइलचीही तीच गत. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण 75 ते 137 सिगारेटींइतके असतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले होते. सिट्रोनेलाच्या वासाने डास थोडा वेळ दूर राहतात, पण तास-दोन तासांत तो वास उडतो. डेंग्यूच्या दिवसांत मच्छरदाणीला पर्याय नाही.

खोलीत वास हवा असेल तर खिडकी उघडी असताना कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब पुष्कळ. ओल्या भिंतीचा, मोरीचा वास झाकायला आपण थेंब वाढवत जातो. त्यापेक्षा मोरी धुवावी.

विकायचे असेल तर

बचत गटाच्या भगिनी विचारतात, की हेच बाम आणि तेले जत्रेत, मेळाव्यात विकली तर? स्वतःच्या नात्यात भेट देणे वेगळे, विकणे वेगळे. अंगाला लावायची सौंदर्यप्रसाधने विक्रीसाठी तयार करायला 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. ‘सांधेदुखी बरी होते’ असे छापले की ते औषध ठरते आणि नियम आणखी कडक होतात. म्हणून गटाने पेटीतल्या पुरचुंड्या आणि मेणबत्त्यांपासून सुरुवात करावी, असे आम्ही सुचवतो. त्या अंगाला लावायच्या नाहीत आणि त्यांना भांडवलही थोडे लागते.

तेल विकत घेताना बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कंपनीचा पत्ता आणि तारीख आहे की नाही पाहावे. नुसते ‘फ्रॅग्रन्स’ लिहिले असेल तर तो कारखान्यात केलेला वास आहे. मेणबत्तीला तो चालेल, पण पैसे शुद्ध तेलाचे मोजू नयेत. बाटली गडद रंगाच्या काचेची असावी. उघडल्यावर तारीख लिहून ठेवावी, कारण लिंबू, संत्रे आणि टी-ट्री यांची तेले वर्षभर उघडी राहिली की खराब होऊन अंगाला अधिक झोंबतात.

भेटीच्या बाटलीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी. तिच्यावर कोणते तेल, किती थेंब, कोणत्या तारखेला मिसळले ते लिहावे आणि खाली ठळक अक्षरांत: “फक्त बाहेरून लावण्यासाठी. पोटात घेऊ नये. मुलांच्या हाती देऊ नये.” बाटली संपली की तिच्यात दुसरे काही भरू नये, खोकल्याचे औषध तर मुळीच नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन, बूच काढून ती भंगारवाल्याला द्यावी.